वाई ते मेणवली पायी: नदीघाटाचे फोटो अंधारे का येतात?

कृष्णाकाठ: कॅमेरा कॅनोनेट क्यूएल १७, फिल्म कोडक गोल्ड २००, एक्सपोजर ऑटोवर. मेणवली घाटाचा काळा दगड निव्वळ डांबरासारखा आलाय, सावलीत नुसते दाणे. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरमध्ये साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल आहे.

जुनाकॅमेरा: सेलच नडतोय. हा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी आहे. जास्त व्होल्टेजला तो उजेड जास्त दाखवतो आणि फिल्म अंडर होते, म्हणजे तिला उजेड कमी पडतो. मेडिकलमधून कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घ्या. तो थोडा लहान असतो, भोवती रबरी रिंग लावा. स्टिकर काढल्यावर पाच मिनिटं थांबून मग बसवा. तपासणी: भर उन्हात शटर १/५०० ला ठेवलं की छिद्राचा (अ‍ॅपर्चरचा) काटा एफ ११ च्या आसपास हवा.

दगडमाती: सेल बदलाच, पण आकाशही फसवतं. याचा मीटर लेन्सच्या कडेला, बराच रुंद भाग बघतो, त्यात उजळ आकाशही येतं. कॅमेरा खाली पायऱ्यांकडे वळवा, बटण अर्धं दाबून धरा म्हणजे तेच मोजमाप टिकतं, मग फ्रेम लावा. घंटेच्या देवळाच्या आतल्या अंधाराला मात्र ट्रायपॉडच.

कृष्णाकाठ: आणि एएसए, म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा, २०० ऐवजी १०० वर ठेवला तर?

दगडमाती: चालेल. निगेटिव्हला एक स्टॉप ओव्हर, म्हणजे दुप्पट उजेड, सहज पचतो. धुताना लॅबला काही सांगू नका, नेहमीसारखंच धुवायचं.