शब्दचर्चा : भंजन, अपघटन आणि 'बहुवारिक'मधला वार

प्रश्न : 'क्रॅकिंग'साठी कुठे भंजन, कुठे अपघटन, तर कुठे विघटन वाचायला मिळतं. तिन्ही चालतात का? आणि जाता जाता, 'बहुवारिक'मध्ये (म्हणजे पॉलिमर) हा 'वार' कुठला?

प्रतिसाद : भंजनच लिहा. चुनखडी तापवून चुनकळी होते ते अपघटन, पालापाचोळा कुजतो ते विघटन. दोन्ही शब्द फार ऐसपैस आहेत. भंजनाचा अर्थ नेमका आहे : हायड्रोकार्बनच्या (फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगाच्या) लांब साखळीतला कार्बन-कार्बन बंध तुटून आखूड साखळ्या होणं. नुसत्या उष्णतेने केलं तर तापीय भंजन (रशियात अभियंता शुखोव्ह यांनी १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं), झिओलाइटसारखा उत्प्रेरक वापरला तर उत्प्रेरकी भंजन. वाफ मिसळून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात ते बाष्प भंजन. इथिलीन (दोन कार्बन, मध्ये दुहेरी बंध) मुख्यतः त्यातूनच येतं. याची आणि प्रभाजी ऊर्ध्वपातनाची गल्लत मात्र करू नका. ऊर्ध्वपातनात रेणू तसाच राहतो, फक्त उत्कलनबिंदूनुसार वेगळा काढला जातो.

प्रश्नकर्ता : साखळी तोडली तर आखूड अल्केनच (सगळे बंध एकेरी) मिळायला हवीत ना? मग 'भंजनातून अल्कीन मिळते', म्हणजे दुहेरी बंधवालं, असं का लिहितात?

प्रतिसाद : हायड्रोजन पुरत नाही म्हणून. डेकेन घ्या : १० कार्बन, २२ हायड्रोजन. मधोमध तोडलं तर पाच-पाच कार्बनचे दोन तुकडे. पेंटेनला १२ हायड्रोजन लागतात, दोन पेंटेनना २४. आपल्याकडे २२च! एका तुकड्याने १२ घेतले की दुसऱ्याला १० उरतात. मग त्याचे दोन शेजारचे कार्बन आपसात दुसरा बंध जोडतात आणि ते पेंटीन होतं. कुठेही तोडा, दोन हायड्रोजन कमीच पडणार. आठ कार्बनचं ऑक्टेन निघालं तर सोबत दोन कार्बनचं इथिलीन. 'असंपृक्त' या शब्दाचा अर्थ इथे हाताला लागतो : अजून हायड्रोजन सामावून घेता येईल असा.

(उच्चाराचं तेवढं सांभाळा. अल्केन आणि अल्कीन यांत फक्त मात्रा आणि वेलांटीचा फरक. बोलताना मी सरळ 'एकेरी बंधवालं' आणि 'दुहेरी बंधवालं' म्हणतो.)

दुसरा प्रतिसाद : 'वार'बद्दल. माझ्या मते तो 'वारंवार'मधलाच, म्हणजे खेप, आवृत्ती. एकच घटक पुन्हा पुन्हा येतो ते बहुवारिक, तो घटक एकवारिक. 'पॉलिमर'च्या ग्रीक मुळाचा अर्थ 'पुष्कळ भाग' असा आहे. मराठी शब्दाने भागांऐवजी आवृत्ती पकडली, आणि मला ती जास्त पटते. गंमत अशी की स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३३ मध्ये 'पॉलिमर' हा मूळ शब्द काढला तो साखळ्यांसाठी नव्हताच. मूलद्रव्यांचं प्रमाण तेच पण रेणू मोठा, अशा संयुगांसाठी होता. त्या अर्थाने चार कार्बनचं ब्यूटिलीनसुद्धा इथिलीनचं 'पॉलिमर' ठरतं! सहसंयुज बंधांनी जोडलेल्या लांब साखळीची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली.

प्रश्नकर्ता : मग पॉलिथीनच्या नावात 'ईन' आहे, म्हणजे ते असंपृक्त?

दुसरा प्रतिसाद : नाही. नाव एकवारिकाचं, माल संपृक्त. साखळी जोडताना प्रत्येक इथिलीनचा दुहेरी बंध खर्ची पडतो. ब्रोमीन जलात (दुहेरी बंध असला की त्याचा रंग जातो) इथिलीन सोडलं तर तांबूस रंग जातो. पॉलिथीनचा तुकडा टाकला तर तसाच राहतो.

प्रश्नकर्ता : शेवटचं. प्लास्टिक तापवून पुन्हा तोडतात त्याला भंजन म्हणायचं की विबहुवारिकीकरण?

पहिला प्रतिसाद : प्लास्टिक कुठलं ते बघून ठरवा. ॲक्रिलिक काच, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, हवेशिवाय तापवली तर साखळी टोकापासून उलगडत जाते आणि बहुतांश एकवारिकच परत मिळतं. तिथे विबहुवारिकीकरण चपखल. पॉलिथीनची साखळी मात्र कुठेही तुटते. मेण, तेल, वायू अशी सरमिसळ हाती येते आणि इथिलीन त्यात थोडंच असतं. तिथे भंजनच लिहावं. दोन्हींना सरसकट 'विघटन' लिहिलं तर काय परत मिळालं हेच वाचणाऱ्याला कळत नाही.