मदत हवी आहे: 'रिव्होल्यूशन'चा लूप १:५० मॉडेलमध्ये, गाडी माथ्यावर अडखळते

कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या मनोरंजन उद्यानातील 'रिव्होल्यूशन' (१९७६, बांधणी श्वार्त्सकॉफ, गणित श्टेंगेल) या रोलर कोस्टरचा उभा लूप १:५० प्रमाणात करतो आहे. पूर्ण गोल लूप सुचवू नका. त्यात तळाशी किमान ६ जी (गुरुत्वाच्या सहापट भार) येतात, म्हणून तर मूळ रचनेत क्लोथॉइड (वक्रता हळूहळू वाढत जाणारा वक्र) आहे आणि या लूपचं सगळं सौंदर्य त्यातच आहे.

लूपची उंची ५४ सेंमी, गाडी सुटते ती ६९ सेंमीवरून. वक्रता तळापासून माथ्यापर्यंत एकसारखी वाढत नेली तर वरची त्रिज्या १७ सेंमी येते, अर्ध्या लूपची लांबी १०७ सेंमी. चाकं रुळाला टेकून राहायला माथ्यापेक्षा ८.५ सेंमी जास्त उंची लागते. घर्षणाला उरतात फक्त ६.५ सेंमी.

रूळ ३ मिमी पितळी सळीचे, प्लायवूडच्या साच्यावर वाकवलेले. साच्यातून काढली की सळी उलगडते. मग हाताने दुरुस्ती करावी लागते, वक्रता टप्प्याटप्प्याने बदलते आणि प्रत्येक टप्प्यावर वेग जातो. बॉल बेअरिंग लावून झाली, वजनही वाढवलं, फरक जेमतेम. खालून धरणारी चाकं असल्यामुळे गाडी पडत नाही, घासत थांबते.

सुटण्याची उंची वाढवायची नाही, प्रमाण बिघडेल. मोटर किंवा चुंबकही नको. तीन रोलरचं बेंडर (सळी वाकवायचं यंत्र) मिळू शकतं.

तापवून मऊ केलेली ३ मिमी पितळी सळी १७ सेंमी त्रिज्येवर स्थिरावायला हवी असेल तर साचा किती त्रिज्येचा करावा, आणि तळाकडे त्रिज्या वाढत जाते तशी उलगडण्यासाठीची ही सूट किती बदलावी?