नो पार्किंगच्या चलनावर लेट फी लागते का? 500 चे 1500 कसे झाले

नौपाडा_बाइकवाला: मंडळी जरा मदत करा. गोखले रोडला बाइक लावली होती, नो पार्किंगचं ई-चलन आलं ते थेट 1500 चं. मित्राला तिथेच 500 लागले होते. शेजारचे काका म्हणतात आधीचं काहीतरी थकलं असेल त्याची लेट फी धरली, आणि एक एजंट म्हणतो अर्ध्यात मिटवून देतो. बाइक सेकंडहँड आहे, गेल्या वर्षी घेतली. ही लेट फी माफ कुठे होते?

कळव्याची_ताई: लेट फी नाहीये ती. मोटार वाहन कायद्याचं कलम 177, पहिल्या वेळी 500 आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 1500, आपल्याकडे डिसेंबर 2021 पासून हे दर आहेत. म्हणजे तुमच्या नंबरवर जुनं चलन पडलेलं असणार. महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर टाका, सगळी चलनं दिसतील, फोटो, जागा, वेळ नीट बघा. आणि एजंटला आधी कटवा.

नौपाडा_बाइकवाला: बघितलं! एक जुनं आहे, पण तारीख मी बाइक घेण्याच्या आधीची, फोटोत हेल्मेटवाला कोणी तिसराच.

वाशी_सेक्टर१७: मग लोकअदालतीत जा ना भाऊ, फी लागत नाही, रक्कमही बऱ्याचदा कमी करतात.

कळव्याची_ताई: थांबा, एवढी घाई नको. लोकअदालत म्हणजे तडजोड, तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. यांची तर मुळात चूकच नाही दुसऱ्यांदा, कलमात 'जो कोणी' गुन्हा करेल असं आहे, म्हणजे मोजायचा तो माणूस, गाडी नाही. ॲपवरच तक्रारीचा पर्याय आहे, तिथे आरसी ट्रान्सफरची तारीख, विक्रीचा कागद जोडा आणि लिहा की हा माझा पहिलाच गुन्हा, 500 लावा. तोवर 1500 भरू नका, भरले की विषय संपला. नाहीच ऐकलं तर कोर्टात हेच कागद दाखवायचे. बाकी 500 तर भरावेच लागतील, नो पार्किंगला गाडी होतीच ना तुमची.

वाशी_सेक्टर१७: बरोबर आहे ताई. अजून एक, व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल येतात त्या उघडू नका, बँक रिकामी होते.

नौपाडा_बाइकवाला: ओके, तक्रार टाकतो. जुन्या चलनाचे पैसे कोण भरणार मग?

कळव्याची_ताई: ज्याने लावली होती तो. फोन करा त्याला, उचलला तर.