ग्राइंडरपुढे टिकणारं सायकलचं कुलूप: अनुभव हवेत

मंडळी, मुक्काम लंडन. तीन वर्षं घर ते स्टेशन सायकलनेच जातो. गेल्या मंगळवारी संध्याकाळी परत आलो तर शेफील्ड स्टँडला (जमिनीत रोवलेली उलट्या यू आकाराची नळी) सायकल नाही. कुलूप होतं, दोन तुकड्यांत. 14 मिमीचं यू-लॉक, कापाच्या कडेला निळसर झाक आणि खाली फरशीवर काळपट भुकटी, म्हणजे ग्राइंडरने (फिरत्या चकतीने धातू कापणारं हातातलं यंत्र) कापलेलं. समोरच्या कॉफीवाल्याने आवाज ऐकला होता, पण कापणाऱ्या माणसाने पिवळं जॅकेट घातलेलं, म्हणून कॉफीवाल्याला वाटलं स्टेशनचंच काम चाललंय!

कुलपावर सोल्ड सिक्युअरचा (कुलुपं तपासून दर्जा देणारी इथली संस्था) गोल्ड शिक्का होता. विम्यासाठी तो चालतो. पण सायकलच्या कुलपांच्या गोल्ड दर्जात ग्राइंडरची चाचणीच नसते, हे मला चोरीनंतर कळलं.

आता हिपलॉक डी1000 आणि लाइटलॉक एक्स1 ही ग्राइंडरला तोंड देणारी कुलुपं बघतोय. डी1000 जवळपास 1.8 किलो, किंमत अडीचशे पौंडांच्या घरात. माझी जुनी सायकलच चारशेची होती. कुणी वापरतंय का? की दोन साधी कुलुपं लावावीत?

भोसरीकर: फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तेव्हा कापणाऱ्याच्या बाजूने सांगतो. हार्डन केलेलं पोलाद हॅक्सॉला आणि बोल्ट कटरला दाद देत नाही. ग्राइंडरला त्याचं सोयरसुतक नाही, कटिंग व्हीलमधले (कापणाऱ्या चकतीतले) खरखरीत कण त्याहून कडक असतात. 14 मिमीचा बार वाइसमध्ये (शिकंजात) घट्ट धरला तर मिनिटाच्या आत उतरतो. पण वाइस लागतो. माल हलला की व्हील अडकतं, कधी फुटतं, मनगटाला झटका बसतो. म्हणून कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. साखळी खाली पडलेली असेल तर पायाखाली दाबून कापतात.

दोन तुकडे झाले म्हणजे दोन काप पडले, म्हणजे तुमच्या लॉकचे दोन्ही पाय बोल्टमध्ये (कुलपाच्या आतल्या खिटीत) अडकत होते. एकच अडकणारं असतं तर एका कापात दांडा फिरवून मोकळा केला असता.

चकोर: भोसरीकर, मग या नव्या कुलपांत वेगळं काय?

भोसरीकर: पोलादावर कॉम्पोझिटचा जाड थर असतो, तो व्हीललाच खातो. कापता येत नाही असं नाही, पण एका व्हीलच्या जागी चार-पाच जाणार, बॅटरी उतरणार, ठिणग्या तेवढा वेळ उडत राहणार. पिवळं जॅकेट किती वेळ पुरणार? पण मी चोर असतो तर तुमच्या कुलपाला हातच लावला नसता, स्टँडची नळी कापली असती. पोकळ पाइप तो.

उत्रेख्तची_मीरा: इथे नेदरलँड्समध्ये उत्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची पार्किंग आहे, राखणदारासकट, पहिले 24 तास फुकट. तुमच्याकडे तसं काही असेल तर पैसे तिकडे घाला. नसेल तर फोल्डिंग सायकल घ्या, ऑफिसात टेबलाखाली ठेवा. कुलपाची भानगडच नको.

धागाकर्ता: मीराताई, आमच्या स्टेशनवर राखणदार नाही, एक कॅमेरा आहे, त्याचं तोंड तिकीट-मशीनकडे. फोल्डिंगचा विचार केला होता, पण वाटेत चढ आहे आणि माझे गुडघे चाळिशीपार.

भोसरीकर दादा, पाइपचं वाचून आज टेप घेऊन गेलो. नळी 50 मिमी, नव्या सायकलची फ्रेम 32, डी1000 ची आतली रुंदी 92. बसतंय, पण बोटभरच फट उरते. स्टँडच्या रांगेत शेवटचा सोडून मधला धरावा म्हणतो, दोन्ही बाजूंना सायकली असल्या की ग्राइंडर घेऊन वाकायला जागा कमी. यात काही अर्थ आहे का? आणि पावसात या कुलपांच्या किल्ल्या अडकतात का, तेही कुणी सांगा.