घरी येतो पण डोकं शाखेतच राहतं, तुम्ही लोक काय करता?

अपडाऊनवाला_भुसावळ

नमस्कार मंडळी. राहायला भुसावळला, नोकरी यावल तालुक्यातल्या एका गावात, बँकेत, कर्ज विभागात. रोज गाडीवर अपडाऊन. काम काय ते इथल्या शेतकरी मंडळींना सांगायला नको, पीककर्ज, नवं-जुनं (जुनं भरून नवं कर्ज काढणं), ओव्हरड्यूची म्हणजे थकलेल्या कर्जांची लिस्ट आणि संध्याकाळी वरच्या ऑफिसचा रिव्ह्यू. सहाला शटर पडतं पण ग्रुप रात्री साडेदहापर्यंत चालूच असतो, आज वसुली किती, उद्या किती, कोणाच्या घरी गेले होते त्याचा फोटो टाका. आणि आता मार्च चालू आहे म्हणजे तर विचारूच नका.

लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या रविवारी माझी मुलगी, तिसरीत आहे, ओट्यावर शेजारच्या पोरीसोबत खेळत होती. टीव्हीचा रिमोट कानाला लावलेला आणि म्हणत होती, "काका, तुम्ही मागच्या आठवड्यात पण हेच सांगितलं होतं, मला कारण नको, आकडा सांगा, आकडा." वाक्य माझं, आवाजाची पट्टी पण माझीच. शेजारची पोरगी काका झाली होती आणि खाली मान घालून उभी होती. मी दारातच थांबलो, पुढे जाववेना.

बायको तक्रार करत नाही. पण तिने घरातलं रात्री सांगणंच सोडून दिलंय, सकाळी मी गाडी बाहेर काढतो तेव्हा दोन मिनिटांत उरकते, गॅस संपलाय, आईच्या गोळ्या आणायच्यात. रात्री सांगून उपयोग नाही हे तिला कळलंय.

फोन बंद ठेवा एवढं सांगू नका, उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकावं लागतं. तुम्ही कामाचं टेन्शन दाराबाहेर कसं ठेवता ते सांगा, खरंच गरज आहे.

गाडीवाले_काका (निवृत्त लोको पायलट)

भाऊ, मी ३४ वर्षं गाडी चालवली, भुसावळलाच. आमच्यात एक गोष्ट फार चांगली होती, ड्युटी संपली की लॉबीत जाऊन साइन ऑफ करायचं. इंजिनात काही खराबी दिसली असेल तर ती लिहून बुक करायची. एकदा बुक केली की ती शेडवाल्यांची, माझी नाही. हे मी नवीन पोरांना नेहमी सांगायचो, जे बोलायचं राहून जातं ना तेच सोबत घरी येतं, लिहून टाक आणि जा. घरी आलो की मोरीत हातपाय धुवायचे, वर्दी बदलायची, तोपर्यंत घरातलं कोणी समोर यायचं नाही आणि मी पण कोणाला हाक मारायची नाही. आमच्या आईने लावलेली सवय, तिच्या काळात शेतातून आलेल्या माणसाला आधी पायावर पाणी द्यायचे.

पण सगळं दाराबाहेर राहत नाही हे पण सांगतो. एकदा पाचोऱ्याच्या अलीकडे एक माणूस रुळावर आला. हॉर्न वाजवत राहिलो, इमर्जन्सी ब्रेक लावला, पण वेगातली गाडी जागेवर थांबत नसते, ती तिच्या हिशोबाने जाते. त्या दिवशी पण घरी येऊन हातपाय धुतले, जेवलो, मुलांचा अभ्यास घेतला, कोणाला काही कळू दिलं नाही. त्यानंतर तीन महिने रात्री दोनला जाग यायची आणि तो पांढरा शर्ट दिसायचा. शेवटी एका पहाटे बायकोला सगळं सांगितलं, अंगणात बाजेवर बसून, ती फक्त ऐकत होती. त्या दिवसापासून झोप परत यायला लागली.

म्हणून म्हणतो, रोजची किटकिट बाहेर ठेवा पण जे छातीवर बसलंय ते घरात आणा आणि सांगा. बायकोला घरातलं तर विचाराच, तुमचं पण तिला कळू द्या.

शिफ्टवाली_सिस्टर

काकांचं वाचून डोळे भरून आले. नमस्कार काका तुम्हाला.

दादा, मी स्टाफ नर्स आहे, धुळ्याकडची. आमच्यात शिफ्ट संपताना ओव्हर द्यायची असते, एकेका कॉटजवळ उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं, याला सलाईन किती गेलं, याचं बीपी बघत राहा, या आजीचा मुलगा अजून आलेला नाही. ओव्हर नीट दिली की मला झोप लागते, घाईत दिली की रात्रभर ती एक कॉट डोळ्यासमोर. तुमच्याकडे ओव्हर घेणारं कोणी नाही, मग वहीला द्या, निघायच्या आधी दहा मिनिटं.

पण एक बोलू का, राग मानू नका. घरी आल्यावर शांत बसा, फिरून या, छंद जोपासा असं जे सगळे सांगतात ते बाईला कुठून जमणार? साडी बदलायच्या आधी कुकर लावावा लागतो. मी सासूबाईंशी बोलून एकच गोष्ट ठरवून घेतली, आल्यावर माठाजवळ पाट टाकून बसते आणि तांब्याभर पाणी सावकाश पिते, तांब्या रिकामा होईपर्यंत मला कोणी काही विचारायचं नाही. पाच मिनिटं लागत असतील. पहिले काही दिवस पोरं दारातून बघत राहायची, आता मोठी लहानीला सांगते, मम्मीचं पाणी होऊ दे. या पाच मिनिटांवर माझी संध्याकाळ उभी आहे.

तुमच्या मिसेसची ओव्हर घरात कोण घेतं ते पण बघा.

नेटकरी_नंदुरबार

फोन बंद न करता पण होतं भाऊ. ग्रुप म्यूट करा आणि साहेबांचा नंबर तेवढा चालू ठेवा, डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक नंबरला परवानगी देता येते. आणि चार्जर किचनमध्ये लावा, बेडरूममध्ये नको. एवढ्यानेच अर्धं काम झालं माझं.

मानसशास्त्र_शिकवतो

सिस्टर आणि काका जे अनुभवाने बोलले ना, त्याच्यामागे अभ्यास आहे. १९२७ मध्ये ब्लुमा झायगार्निक नावाच्या बाईंनी दाखवलं होतं की मध्येच अडवलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. म्हणजे तुमची ओव्हरड्यू लिस्ट डोक्यात फिरते तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही, मनाची रीतच ती आहे. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी बघितलं की काम पूर्ण नाही झालं तरी चालतं, ते कधी आणि कसं करायचं हे पक्कं ठरवलं की ते मनात सारखं डोकावायचं कमी होतं.

२०१८ चा एक अमेरिकेतला प्रयोग पण आहे, ५७ तरुण, झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायचं, अर्ध्यांनी झालेली कामं आणि अर्ध्यांनी पुढची करायची कामं. पुढची लिहिणारे साधारण ९ मिनिटं लवकर झोपले, आणि त्यांची यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. प्रयोग लहान आहे पण उपाय फुकटचा आहे. फक्त "वसुली वाढवणे" असं लिहू नका, त्याने काही होत नाही. "सकाळी सव्वादहाला अमुक गटाच्या शेतकऱ्याला फोन, कागद सोबत आणायला सांगणे" असं लिहा.

बाकी रात्री साडेदहापर्यंत मेसेज ही तुमच्या मनाची अडचण नाहीच, ती कामाच्या पद्धतीची आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० च्या वर कामगार असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, सारखं रडू येतंय असं काही असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

केळीवाला_चोपडा

साहेब, तुमच्या पोरीच्या खेळात जो काका खाली मान घालून उभा होता ना, तो मी. म्हणजे मीच असं नाही पण आमच्यातलाच कोणीतरी. राग म्हणून लिहीत नाही, तुम्ही मनातलं लिहिलं म्हणून मी पण लिहितो.

आमचं काम आणि घर वेगळं नसतंच भो. लाईट रात्रीची असली की रात्री मोटर चालू करायला जायचं. केळीचा भाव रोज संध्याकाळी मोबाईलवर येतो, आणि एकदा का तो आकडा बघितला की जेवण घशाखाली उतरत नाही. वर्षभर बाग सांभाळायची आणि मे-जूनच्या वादळात घड भरलेली झाडं एका तासात आडवी, माझ्या डोळ्यासमोर झालंय, सकाळी बांधावर उभा राहिलो तर पलीकडच्याचं घर दिसत होतं, मधली बाग उभीच नव्हती. त्या वर्षीपासून मी पण तुमच्या लिस्टमध्ये.

आमनी माय म्हने, "जेवताना भावनं नाव काढानं नही." ती गेली पण आमच्या घरात हे अजून पाळतो, ताट समोर आलं की भाव, कर्ज, पाऊस काहीच नाही. भाकर आणि भरीत असेल तर भाकर आणि भरीतच. नंतर ओट्यावर बसून करायची ती चर्चा करा.

पण बँकेचा फोन येतो आठ-साडेआठला. बरोबर ताटावर. समोर पोरं असतात साहेब, त्यांच्यासमोर "हो साहेब, भरतो साहेब" म्हणावं लागतं. तुमचं काम आहे ते कळतं, पण सकाळी अकराला करा ना फोन. तेव्हा मी बागेत असतो, नीट बोलता येतं, खरं सांगता येतं. साहेब तुमच्या ताटावर येतात, तुम्ही आमच्या.

अपडाऊनवाला_भुसावळ

सगळ्यांचे आभार. उशीर झाला उत्तर द्यायला, मार्च एंड होता.

चोपड्याच्या दादांचं वाचल्यावर त्या रात्री मला जेवताच आलं नाही. हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सातच्या पुढे एकाही शेतकऱ्याला फोन केलेला नाही, सगळे फोन सकाळी साडेदहा ते बारा. साहेबांना सांगून टाकलं, ते हो म्हटले नाहीत, नाही पण म्हटले नाहीत. आणि दादा, सकाळी माणूस खरंच वेगळं बोलतो, दोघांनी तर स्वतःहून तारीख दिली आणि त्या तारखेला आले पण.

येताना तापीच्या पुलाआधी एक चहाची टपरी आहे, तिथे गाडी लावतो आणि वहीत उद्याचं लिहितो, नाव, वेळ, काय बोलायचं ते. पाच-सहा ओळी होतात. मग पूल. रोज जमतं असं नाही, ३० आणि ३१ तारखेला तर घरी यायलाच अकरा वाजले, आणि मधे एका गुरुवारी रिव्ह्यूत बोलणी खाल्ली तर टपरीवर थांबायचं पण सुचलं नाही, सगळं तसंच घरी घेऊन आलो आणि मुलीवर ओरडलो. नंतर तिच्याजवळ बसून सांगितलं की आज ऑफिसमध्ये पप्पांना बोलले म्हणून असं झालं. तिने विचारलं, "त्यांनी पण आकडा विचारला का?" हो म्हटलं.

काकांचं ऐकून बायकोला पण बऱ्याच गोष्टी सांगितल्या, दोन वर्षांपूर्वीच्या. ती म्हटली, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं तुम्हाला घरात करमत नाही.

काल जेवणं झाल्यावर भांडी आवरताना ती आपणहून बोलायला लागली, बिबडे (ज्वारीचे पापड) घातलेत या वर्षीचे, गच्चीवर आहेत, मधेच वारा सुटला तर आईंनी एकटीने चादरी टाकल्या. मी विचारलं किती किलोचे केले. म्हटली चार, आणि सकाळी ऊन चढायच्या आत पलटायला वर या, मला एकटीला पुरत नाही.