टीव्हीला वायफाय जुळत नाही, मदत हवी आहे

राजेहो, थोडं मार्गदर्शन करा. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. मागच्या आठवड्यात विजा कडाडल्या, तीनचारदा लाईन गेली-आली. तेव्हापासून ३२ इंची स्मार्ट टीव्ही वायफायचा पासवर्ड घेतो, पण 'कनेक्टेड, इंटरनेट नाही' असं दाखवतो. त्याच राउटरवर मोबाईल मस्त चालतात.

दोन्हीचे प्लग काढून दहा मिनिटं ठेवले, नेटवर्क काढून नव्यानं जोडलं. मोबाईलचा हॉटस्पॉट दिला तरी तेच, म्हणजे दोष राउटरचा नसावा. मग पोराचं लक्ष गेलं, टीव्हीवर तारीख १ जानेवारी १९७० दिसते! तारीख चुकली की साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट टीव्हीला अमान्य वाटतं, हे कळलं. हातानं आजची तारीख टाकली आणि यूट्यूब लगेच सुरू झालं. पण लाईन गेली की परत १९७०, अन् आमच्याकडे लाईन रोजच जाते. 'ऑटोमॅटिक वेळ' चालू ठेवूनही उपयोग नाही.

आईचे गुडघे दुखतात, देवळात जाणं बंद झालंय. संध्याकाळचं कीर्तन ती टीव्हीवरच ऐकते, आणि दुपारनंतर घरी एकटीच असते. तिला सेटिंग कसं जमणार?

फॅक्टरी रीसेट करू, की सॉफ्टवेअर पेनड्राइव्हनं अपडेट करू? की बोर्डच दाखवावा लागेल? कोणाला असा अनुभव असेल तर नक्की सांगा.