पाणथरी: तांबड्या पेशींचं स्मशान की पाळणाघर?

काचपट्टी_०७
एमएस्सीच्या प्रकल्पात मेलेले जिवाणू टोचून उंदरांमध्ये १४ दिवस दाह टिकवला. परवा पाणथऱ्या (प्लीहा) काढल्या. निरोगी उंदराची ९० मिलिग्रॅम, आजारी उंदराची ३१०! काटाच बिघडलाय असं वाटून तीनदा तोलली. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या गरात (पाणथरीचा रक्त गाळणारा भाग) केंद्रक असलेल्या, अर्धवट तयार तांबड्या पेशींचे घोसच्या घोस, आणि मध्येमध्ये धिप्पाड मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी). बारावीपासून घोकलंय, पाणथरी म्हणजे तांबड्या पेशींचं स्मशान. मग ही बाळं तिथं काय करताहेत? आणि एवढं उत्पादन चालू असताना हिमोग्लोबिन १४ वरून ९ वर कसं आलं?

जुना_पॅथवाला
मेगाकॅरिओसाइट बघून दचकू नकोस, निरोगी उंदराच्या पाणथरीतही ते असतात. घोस मात्र दाहाचेच.

दाहात इंटरफेरॉन गॅमासारखे संदेश अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशींच्या कामाला जुंपतात, तांबड्या मागे पडतात. त्यात आयएल-६ या दाहाच्या संदेशामुळे यकृत हेपसिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक सोडतं आणि लोह मॅक्रोफेजमध्येच (जुन्या पेशी गिळणाऱ्या पेशींमध्येच) अडकतं. असलेल्या पेशीही लवकर मरतात. ही तूट भरायला पाणथरी धावते. गंमत अशी की स्मशानातले ते मॅक्रोफेजच जुन्या पेशी गिळता गिळता बीएमपी-४ सारखे संदेश वाढवतात आणि शेजारच्या पूर्वज पेशींना कामाला लावतात. पाणथरी नसती तर तुझं ९ सुद्धा टिकलं नसतं, असा माझा अंदाज.

वॉर्डातला
माणसाला हे सरसकट लावू नका हं. आपली पाणथरी गर्भात काही काळ थोडंफार रक्त बनवते, पुढे सगळं अस्थिमज्जेकडे. मोठ्या माणसाच्या पाणथरीत रक्तनिर्मिती दिसली की मी आधी मायलोफायब्रोसिस (अस्थिमज्जेत तंतू साचण्याचा आजार) किंवा थॅलसेमिया (आनुवंशिक रक्तविकार) आठवतो. मलेरियात पाणथरी वाढून पोटावरून हाताला लागते त्याची कारणं बरीचशी वेगळी.

जुना_पॅथवाला
मान्य. पण पांढऱ्या पेशी विसरू नका. २००९ मध्ये उंदरांतच दिसलं होतं की हृदयविकाराच्या झटक्यानंतर पाणथरीतला मोनोसाइटांचा राखीव साठा हृदयाकडे धावतो.

काचपट्टी_०७
सर, तुमचा अंदाज तपासायचा तर पाणथरी काढलेला गट हवा ना? म्हणजे आता शस्त्रक्रिया शिकणं आलं. 😩

जुना_पॅथवाला
हो. आणि नुसतं पोट उघडून शिवलेलाही एक गट ठेव. शस्त्रक्रियेनंही दाह होतो, परीक्षक पहिलं तेच विचारतील.